चाटी गल्लीचा नकाशा आणि तिसरा रकाना: माझा अनुभव

‘मिळकतधारकाचे नाव व सही’ हा आमच्या गल्ली सुधारण्याच्या प्रस्तावाच्या अर्जातला तिसरा रकाना. या एका रकान्यानं आमचे सात महिने खाल्ले. काम मार्गी लागलं तरी तो आठवला की अजून डोकं तापतं.

आमचं कापडाचं दुकान सोलापुरात चाटी गल्लीत. वडिलांनी जागा भाड्यानं घेतली तेव्हा गिरण्या चालू होत्या. पगार झाला की मधल्या मारुतीजवळ पाय ठेवायला जागा नसायची, असं ते सांगायचे. मग गिरण्या बंद पडल्या आणि गाडी लावायला जागा असलेली मोठी दुकानं गावाबाहेर निघाली. तरी लग्नाचा बस्ता बांधायला अक्कलकोट, मंगळवेढा, पार इंडीकडची माणसं अजून आमच्याकडं येतात. एका बस्त्याला पंधरा माणसं, तीन-चार तास. त्यातली एखादी बाई हळूच विचारते, “ताई, इथं जवळ सोय कुठं आहे?” वीस वर्षं मी तिला घरमालकाच्या जिन्याखालचा संडास दाखवत आले. पेठेचं पुनरुज्जीवन वगैरे मोठे शब्द बैठकीत खूप झाले, मला मात्र या प्रश्नाचं उत्तर हवं होतं.

नऊ दुकानदार एकत्र आलो. माल सकाळी दहाच्या आत उतरवायचा, दुपारनंतर गल्लीत गाड्या बंद, सलग गटार, बायकांसाठी स्वच्छतागृह. पंधरा दिवसांत प्रस्ताव लिहून झाला, सह्याही झाल्या.

मग ते कार्यालय. नाव लिहीत नाही. टेबलावरच्या साहेबांनी अर्ज उलटासुलटा केला आणि विचारलं, “ताई, मिळकतधारक कोण?” आमच्या नऊपैकी सात जण भाडेकरू. “मालकांची संमती आणा, त्याशिवाय अर्ज घेता येत नाही. मोजमापाचा नकाशाही जोडा.” नकाशा मागायला सिटी सर्व्हे नंबर लागतो. आमच्याकडं घरपट्टीच्या पावत्या, त्यांवरचे मिळकत क्रमांक निराळे. एकेक नंबर जुळवून उतारे काढले, तर निम्म्यांवर वारलेल्या आजोबांची नावं. वारसनोंद कुणी केलेलीच नाही. साहेब म्हणाले, “वारसांची सही चालणार नाही, आधी नोंद करा.” आमचे घरमालक पुण्यात. फोन केला तर म्हणाले, “आज सही घ्याल, उद्या जागेवर हक्क सांगाल.” त्यांना समजावायला शेजारचे काका स्वतःच्या खर्चानं पुण्याला जाऊन आले, रिकाम्या हातानं. परत गेलो तर टेबलावर दुसरे साहेब. त्यांना संमतीपत्र शंभराच्या स्टॅम्पवर हवं होतं. तिसऱ्या वेळी प्रतिज्ञापत्र. प्रत्येक खेपेला दुकान अर्धा दिवस बंद. नवव्या खेपेला मी जिन्यात बसून रडले, तेही सांगते.

सुटका माहितीच्या अधिकारानं झाली. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. ‘का’ असं विचारायचं नाही, कागद मागायचा, हे लक्षात ठेवा. मी दोनच ओळी लिहिल्या: अशा प्रस्तावाला मालकाची संमती लागते असं सांगणाऱ्या नियमाची किंवा परिपत्रकाची प्रत द्यावी, आणि गल्लीच्या नकाशाची प्रत द्यावी. उत्तराची मुदत 30 दिवस. अठ्ठाविसाव्या दिवशी पाकीट आलं. संमती लागते ती मालकाच्या हद्दीतल्या बांधकामाला हात लावायचा असेल तर. आमच्या प्रस्तावात शेवटी एक वाक्य होतं, ‘दुकानांच्या पायऱ्या व छज्जे एकसारखे करावेत’. सगळी फाईल त्या एका वाक्यामुळं अडलेली! बाकी प्रत्येक मागणी सार्वजनिक रस्त्यावरची. वाक्य काढलं, तिसऱ्या रकान्यात ‘लागू नाही’ लिहिलं, त्याच दिवशी अर्ज घेतला गेला. सात महिन्यांत हे एकानं तोंडानं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण वकील न लावता तो अर्ज मी लिहिला, याचा मला अभिमान आहे.

म्हणून सांगते, प्रस्ताव रस्त्यापुरता ठेवा. इमारतींचं वेगळ्या अर्जात, नंतर. आणि आवक क्रमांक, शिक्का, तारीख आपल्या प्रतीवर घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. आमच्या पहिल्या चार खेपांचा कुठंच पुरावा नाही.

पुढं स्थळपाहणी झाली, टेप लावून रुंदी मोजली. स्वच्छतागृहाची जागा गल्लीच्या तोंडाशी ठरली आणि अंदाजपत्रक करायला सांगितलं गेलं. तिथं काही अडलं नाही.

एक चूक आमचीही. पहिल्या मसुद्यात आम्ही ‘फेरीवाले हटवावेत’ लिहिलं होतं. दारात गजरे विकणाऱ्या अक्कांनी ते कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. 2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिल्याशिवाय कुणाला उठवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य फेरीवाल्यांचेच असतात. ते वाक्य खोडून त्यांच्यासाठी आखलेल्या जागा मागितल्या. आता अक्का आमच्या बैठकीला येतात, आणि गटार कुठं तुंबतं हे सगळ्यात अचूक त्यांनीच दाखवलं.

सोलापुरातल्या दुसऱ्या पेठांसाठी: सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजांच्या वाटेवर तुमची गल्ली येत असेल तर कमानी, आडव्या वायरी, उंच दुभाजक मागूच नका. सात उंच काठ्या तिथून जायच्या असतात.

आणि प्रस्तावासाठी गल्लीत येणारी माणसं मोजायची तर गड्ड्याच्या, म्हणजे त्याच यात्रेतल्या जत्रेच्या, दिवसांत मोजू नका, आकडा फुगतो. आम्ही लग्नसराईतला एक रविवार आणि आषाढातला एक मंगळवार धरला, दोन्ही दिवस सकाळी अकरा ते रात्री आठ. वहीत बायका आणि पुरुष असे दोन रकाने करा. स्वच्छतागृहाच्या मागणीला तेच पान जोडायचं आहे.