विचार दारातच ओळखायला शिकले तेव्हा

माझ्या दोन्ही हातांवर, कोपरांवर आणि आता एका पापणीच्या कडेला कोड आहे. करंगळीच्या मुळाशी पहिला डाग उमटला तेव्हा लेक शाळेत होती. आता आम्ही तिच्यासाठी स्थळं बघतोय. मधल्या वर्षांत डाग पसरले, पण त्याहून जास्त पसरलं ते माझं लपवणं. बडोद्याच्या उन्हाळ्यातही लांब बाह्या, फोटोत हात मागे, पाहुण्यांना पाणी द्यायला लेकीला पुढे करणं. त्यातून मी ध्यानानं बाहेर आले.

आधी औषधांचं सांगते, म्हणजे कुणाचा गैरसमज व्हायला नको. कोडात शरीराची रोगप्रतिकारशक्ती त्वचेला रंग देणाऱ्या आपल्याच पेशींवर उलटते. ते शिवाशिवीनं होत नाही. आईला असलं तर मुलांना होण्याची शक्यता थोडी वाढते, पण बहुतेकांच्या मुलांना होत नाही. माझे उपचार चालू आहेत, मलमं आणि अतिनील किरणांचे. कोपरांवर थोडा रंग परतला, बोटांवर परतला नाही. बोटांच्या टोकांवर तो सहसा लवकर येतच नाही. ध्यानानं एकही डाग गेलेला नाही, आणि त्यासाठी मी बसतही नाही.

आमच्या शेजारच्या काकू दांडिया बझारातल्या अरविंद निवासात ध्यानाला जातात. पुढे योगी म्हणून ओळखले गेलेले श्रीअरविंद 1893 ते 1906 बडोद्यात होते, सयाजीराव महाराजांच्या नोकरीत. इथल्या कॉलेजातही त्यांनी शिकवलं. एवढं आम्हा बडोदेकरांना ठाऊक असतं. पण त्यांना मन शांत करण्याची रीत एका मराठी माणसानं, विष्णु भास्कर लेले यांनी, याच गावात दाखवली, हे मला काकूंकडूनच कळलं. डिसेंबर 1907 मध्ये सुरतेच्या अधिवेशनात काँग्रेस फुटली. त्यानंतर लगेच श्रीअरविंद इथे आले आणि सरदार मजुमदारांच्या वाड्यात वरच्या मजल्यावर दोघं तीन दिवस बसले. लेल्यांचं सांगणं असं होतं: विचार करू नका, नुसतं मनाकडे बघा. विचार बाहेरून येताना दिसतील. ते आत शिरायच्या आधीच परतवून लावा. श्रीअरविंदांचं मन तीन दिवसांत निःशब्द झालं.

माझं झालं नाही. ते होण्यासारखं नव्हतंच, पण ‘बाहेरून येतात’ हे शब्द मनात रुतून बसले.

सकाळी दूध तापवून ठेवलं की भिंतीला पाठ टेकून मी बसू लागले. सुरुवातीला भाजी, लाइटबिल, गुडघ्याची कळ आणि झोप. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, ते सगळ्यांचंच होतं. खरं काम पुढे सुरू झालं. एक दिवस मनात वाक्य आलं, ‘पूर्ण बाह्यांचंच शिव गं, बरं दिसतं.’ आणि ते मला चक्क ऐकू आलं, सासरच्या एका वडीलधाऱ्या बाईंच्या आवाजात, त्यांच्या हेलासकट. मग दुसरं आलं, लेकीसाठी बघितलेल्या एका स्थळाकडून फोनवर आलेलं: ‘मुलगी छान आहे हो, पण आईला ते आहे म्हणे.’ तेही फोनवरच्या त्या बाईंच्या खालच्या पट्टीतल्या आवाजात. मी थक्क झाले. इतकी वर्षं मी ज्याला माझं स्वतःबद्दलचं मत समजत होते, त्यातलं बरंचसं कुणी ना कुणी बोललेलं होतं. आवाज ओळखता आला की विचार दारातच थबकायचा. ‘हे अमक्यांचं’ एवढंच मनात म्हणायचं. त्याच्याशी वाद घालायचा नाही. वाद घातला की तो आत येऊन बसतो, हे मी पुरतं अनुभवलं आहे.

पण एक वाक्य कुणाच्याच आवाजात येत नव्हतं. ‘माझ्यामुळे लेकीचं अडतंय.’ ते माझ्याच आवाजात होतं आणि काही केल्या परतत नव्हतं. त्या दिवसांत बसलं की रडू यायचं. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, “मग त्याला हाकलू नकोस. त्याच्यापाशी बस. कुठे दुखतंय ते बघ.” दुखायचं छातीत, गळ्याच्या जरा खाली, आणि तळवे गरम व्हायचे. मी तेवढंच बघत राहिले. हळूहळू त्या दुखण्यात लेकीची काळजी वेगळी दिसू लागली आणि स्वतःची लाज वेगळी. काळजी माझी होती, ती मी ठेवली. लाज कुठून आली हे आता मला माहीत होतं.

उठण्याआधी गुडघ्यांवर ठेवलेल्या हातांकडे शांतपणे बघायचं, हेही काकूंनीच लावून दिलं. इतक्या वर्षांत मी ते हात नीट पाहिलेच नव्हते. कोपराजवळच्या पांढऱ्यात केसांच्या मुळाशी रंगाचे बारीक तपकिरी ठिपके आहेत. बोटांचा पांढरा भाग मात्र एकसारखा, कडा नागमोडी. माझ्या आईसारखीच नखं आहेत, लांबट.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अत्तर हाताच्या मागच्या बाजूला लावतात. मी नेहमी पदराआडून मनगटच पुढे करायची. यंदा हात सरळ पालथा धरला. अत्तराची काडी क्षणभर थांबली, मग डागावरच टेकली. ‘बघितलं तिनं’ हा विचार आला. येताना दिसला. मी तिळगूळ घेतला आणि शेजारच्या वहिनींशी त्यांच्या नातवाबद्दल बोलत बसले.

ते ‘माझ्यामुळे’चं वाक्य शेवटी मी लेकीलाच सांगून टाकलं. ती चिडली. “आई, हे तू मला न विचारता ठरवलंस?” मग बराच वेळ बिलगून बसली. त्या रात्री आम्ही दोघींनी ठरवलं की हे पहिल्याच बोलण्यात सांगायचं, पत्रिका जुळेपर्यंत थांबायचं नाही.

पापणीचा डाग अलीकडचा. तो दिसला तेव्हा पोटात गोळा आला आणि काही दिवस बसणंच सुटलं. चेहऱ्यावरचं लपत नाही ना! काकू सकाळी स्वतः घरी येऊन शेजारी बसल्या, तेव्हा पुन्हा सुरू झालं. अजूनही आरशासमोर कधी कधी श्वास अडकतो. मग तिथेच उभी राहते आणि आवाज कुणाचा ते ऐकते.

गेल्या आठवड्यात एका स्थळाच्या आईंशी बोलले. नाव, गाव, मुलीचं शिक्षण, आणि मग मला कोड आहे, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, “घरी बोलून कळवते.” अजून कळवलेलं नाही. रविवारी दुसरी मंडळी यायची आहेत, त्यांनाही सांगून झालंय. पाणी द्यायला मीच जाणार आहे.