चर्चमधे रोज गाणारे ते लोक कोण असतात? तुम्ही विचारलंत म्हणून

भारतातून आमच्याकडे कोणीही राहायला आलं की पहिली फर्माईश स्टोनहेंजची असते, ते इंग्लंडमधल्या आमच्या सॅल्सबरीपासून जेमतेम 13 किलोमीटर, त्यामुळे दगड बघून, फोटो काढून, वाऱ्यात कान गारठवून मंडळी चारपर्यंत घरी परत, आणि मग संध्याकाळी काय करायचं हा प्रश्न उरतो. मी त्यांना साडेपाचला कॅथेड्रलमधे, म्हणजे इथल्या बिशपच्या मोठ्या चर्चमधे, घेऊन जाते. इव्हनसाँगला, म्हणजे संध्याकाळच्या गायल्या जाणाऱ्या प्रार्थनेला. तिकीट नाही, पाऊण तासात मोकळे. आणि बाहेर पडल्यावर जो तो मला तेच विचारतो, हे गाणारे कोण गं? पाद्री का? पगार मिळतो की सेवा? आणि ती पोरं अभ्यास कधी करतात? दर वेळी घरी पोचेपर्यंत जमेल तेवढं सांगते आणि निम्मं राहून जातं, म्हणून एकदाच लिहून टाकते.

पाद्री नाहीत. पोरं आहेत 8 ते 13 वर्षांची, मुलग्यांचा गट वेगळा, मुलींचा वेगळा, साधारण सोळा-सोळा जण, आज हे गातात तर उद्या त्या. कॅथेड्रलच्या आवारातच त्यांची शाळा आहे, तिची सुरुवात 1091 सालची सांगतात. सकाळी शाळा भरायच्या आधी तालीम, दिवसभर बाकीच्या पोरांसारखं गणित-बिणित, संध्याकाळी परत तालीम आणि तिथून थेट गायलाच उभं राहायचं. इंग्लंडच्या कॅथेड्रलांत शेकडो वर्षं हा वरचा आवाज फक्त मुलग्यांचाच होता, मुलग्यांच्या बरोबरीने गाणारा मुलींचा स्वतंत्र गट पहिल्यांदा आमच्या सॅल्सबरीने काढला, 1991 मधे, तेव्हा बरीच कुरकुर झाली होती की मुलींचा आवाज वेगळा लागतो, परंपरा बुडणार वगैरे. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात मुली यायला 2022 उजाडलं. मला विचाराल तर डोळे मिटून ऐकलं की मला तरी आज मुलगे आहेत का मुली ते सांगता येत नाही, आणि ज्यांना कळतं असं ते म्हणतात त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

मागच्या रांगेतले पुरुष सहा. दोन ऑल्टो (पुरुषांतला सगळ्यात वरचा आवाज), दोन टेनर (मधला), दोन बेस (खालचा). त्यांना इथे ले व्हिकर म्हणतात, बाकी बऱ्याच ठिकाणी ले क्लार्क. हो, क्लार्कच. व्हिकर म्हणजे मुळात दुसऱ्याच्या जागी काम करणारा, जुन्या काळी बडे पाद्री स्वतः रोज गायला यायचे नाहीत, त्यांच्याऐवजी हे उभे राहायचे, म्हणजे बदली कामगारच म्हणा ना. पगार मिळतो पण त्यावर घर चालत नाही, म्हणून कोणी दिवसा गाणं शिकवतं, कोणी शाळेत मास्तर, कोणी ऑफिसात. आणि संध्याकाळी सगळं सोडून इथे. हौशी मात्र अजिबात नाहीत हं, हे पाहुण्यांना पटवायला मला फार वेळ लागतो, कारण आपल्या डोक्यात चर्चमधे गाणारा म्हणजे भाविक. काही असतात भाविक, काही नसतात, ते त्यांचं त्यांना माहीत. नोटेशन समोर ठेवलं की पहिल्याच वाचनात गाता आलं पाहिजे ही मात्र सगळ्यांना अट, कारण रोज वेगळा कार्यक्रम आणि सगळे मिळून तालमीला तासभर धरा, कधी कधी तेवढाही नसतो.

ऑल्टोची गंमत प्रत्येक वेळी होते. पाहुणे माना वळवून बाई शोधायला लागतात. समोर चांगला दाढीवाला, जाडजूड माणूस उभा आणि आवाज मात्र बाईचा वाटावा असा वर तरंगणारा. बालगंधर्वांच्या देशातून आलेल्या लोकांनी याचं एवढं नवल करावं हे मला मजेशीर वाटतं, पण करतात खरं. (आता काही कॅथेड्रलांत ऑल्टोला खरंच बायकाही असतात.)

क्वायर, म्हणजे हा सगळा गाणाऱ्यांचा ताफा, समोरासमोर दोन रांगांत उभा असतो. दक्षिणेकडचे डेकॅनाय, उत्तरेकडचे कँटोरिस. आपल्याकडे दिंडीत टाळकरी दोन रांगा करून समोरासमोर उभे राहतात आणि अभंगाचं चरण या रांगेकडून त्या रांगेकडे जातं, ते ज्याने पाहिलंय त्याला इथलं स्तोत्र समजायला दोन मिनिटं पुरतात. बायबलमधली दीडशे स्तोत्रं, आपल्या मराठी बायबलात स्तोत्रसंहिता म्हणून आहेत ती, चर्च ऑफ इंग्लंडच्या 1662 च्या प्रार्थनापुस्तकात महिन्याच्या 30 दिवसांत सकाळ-संध्याकाळ वाटून दिलीत. 15 तारखेच्या संध्याकाळच्या वाट्याला 78वं आलंय, 73 कडव्यांचं, त्यामुळे 15 तारीख म्हटली की गाणारे सुस्कारा सोडतात. आता बऱ्याच ठिकाणी कापून छोटं करतात. चाल एवढीशी असते, पहिल्या सुरावर हवे तितके शब्द बोलल्यासारखे ओतायचे आणि ओळीच्या शेवटी चाल पुढे सरकवायची, म्हणजे जात्यावरची ओवी कशी शब्द जास्त झाले तरी त्याच चालीत बसवतात, तसंच काहीसं. फक्त इथे ते वीस-बावीस जणांनी, चार वेगवेगळ्या सुरांत, एका तोंडाने बोलल्यासारखं करायचं. तबला नाही, ठेका नाही. मला विचाराल तर सगळ्यात अवघड हेच, मोठमोठे अँथम, म्हणजे क्वायरची खास बसवलेली गाणी, नाही. ऐकायला बसलात तर शब्दांकडे नका लक्ष देऊ, ओळीच्या मधला थांबा ऐका, सगळे एकदम श्वास घेतात तो.

आणि ऑर्गनवाला तर बहुतेक ठिकाणी वर कुठेतरी बसलेला, खाली हात हलवून गाणं चालवणारा त्याला आरशात नाहीतर छोट्या टीव्हीवर दिसतो.

इतिहास थोडक्यात. 1549 मधे आर्चबिशप क्रॅनमरने पहिलं इंग्रजी प्रार्थनापुस्तक काढलं तेव्हा मठांतल्या संध्याकाळच्या आणि रात्रीच्या अशा दोन प्रार्थना एकात घातल्या, म्हणून आजही मरियेचं गीत आणि म्हाताऱ्या शिमोनाचं गीत अशी दोन्ही एकाच प्रार्थनेत येतात, मधे बायबलचं एक वाचन. त्यांना चाली लावणाऱ्यांतला सगळ्यात मोठा विल्यम बर्ड, तो स्वतः कॅथलिक, आणि पोटासाठी प्रोटेस्टंट राणीच्या चॅपलमधे! 1640 नंतर प्युरिटनांनी, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंटांनी, ऑर्गन फोडले, क्वायर बंद केले, 1660 ला राजा परत आला तेव्हा कुठे गाणं परत सुरू झालं. बीबीसी रेडिओवर दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या चर्चमधून हे लागतं, 1926 पासून. गिरगावचे आमचे एक काका हे सगळं ऐकून गप्प होते, जन्म चर्चगेटला लोकल पकडण्यात गेला त्यांचा, त्यांना मी सांगितलं की त्या नावातलं चर्च म्हणजे फोर्टातलं सेंट थॉमस, 1718 चं, इंग्रजांच्या काळात याच अँग्लिकन पंथाचं, तर म्हणाले, मग इतकी वर्षं आम्हाला कोणी नेलं का नाही आत?

आता माझी फजिती. पहिल्याच वर्षी, स्टॅनफर्ड नावाच्या संगीतकाराचं जी सुरातलं मरियेचं गीत होतं. त्यात एकटी ट्रेबल, म्हणजे पोरांतला वरचा आवाज, गाते आणि खाली ऑर्गन सारखा बारीक फिरत राहतो, मरिया चरख्यावर सूत काततेय असं म्हणतात. गाणारी मुलगी अकरा-बारा वर्षांची असेल, केसांना साधी काळी क्लिप, फाइल छातीपाशी धरलेली, आणि शेजारची छोटी नवशिकी तिच्या फाइलमधे बघून बोट सरकवत होती. तो वरचा सूर तिने असा अलगद ठेवला की माझ्या तोंडून, चांगल्या मोठ्याने, वा! निघून गेलं. दगडी इमारत, त्यावर 123 मीटरचा कळस. वा बराच वेळ फिरत होता. कोणी वळून बघितलं नाही, हे इंग्रजांचं बघणं वेगळं असतं, फक्त समोरच्या रांगेतल्या एका ऑल्टोच्या मिशा हलल्या. इथे टाळी नाही, दाद नाही, गाणं संपलं की सगळे खाली बसतात आणि कोणीतरी उठून बायबल वाचायला लागतं. त्या मुलीला कोणी शाब्बास म्हणालं असेल तर ते आत, झगे उतरवताना. मला याचा पहिली दोन वर्षं राग यायचा, खरंच. तेराव्या वर्षी जुलैमधे शेवटचं गाऊन ही पोरं निघून जातात तेव्हाही तसंच, टाळी नाही, फक्त रांगेतून बाहेर पडताना एक-दोघांचे डोळे लाल.

काका आले होते तो जानेवारीतला मंगळवार होता, पाऊस, ऐकायला आम्ही धरून सात माणसं, गाणारे बावीस. काकांनी मोजले. एवढ्यांसाठी एवढे? म्हणाले. बाहेर आवारात छत्री उघडत होतो तर तोच मिशावाला सायकलवरून आला, डोक्यावर हेल्मेट, हँडलला सुपरमार्केटची पिशवी, त्यातून कांद्याची पात बाहेर लोंबतेय. मला बघून हात वर केला, उद्या भेटू म्हणाला आणि गेला. काका त्याच्या पाठीकडे बघत राहिले.

"अगं, हा तोच ना? बाईच्या आवाजातला?"