तुम्ही विचारलंत म्हणून: परवाना गाडीचा की माणसाचा?

"वहिनी, दादांचा अपंगांच्या पार्किंगचा परवाना गाडीत असतोच ना? मग एकट्या असताना गाडी एवढी लांब का लावता?"

हे मला दिरांनी विचारलंय, शेजारणीने विचारलंय, एकदा तर पार्किंगवर उभ्या असलेल्या माणसानेही विचारलं. सगळे मायेपोटीच विचारतात. परवाना ह्यांच्या नावाचा आहे आणि मी धडधाकट आहे, एवढंच खरं तर उत्तर. पण तेवढ्याने कुणाचं समाधान होत नाही. "अहो, पण जागा रिकामीच तर असते!" हे लगेच मागोमाग येतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ह्यांना फुफ्फुसांचा जुना आजार आहे, सीओपीडी. गाडीतून उतरल्यावर पहिली काही पावलं हे इतके ताठ चालतात की बघणाऱ्याला शंकाच यावी. मग वेग कमी होतो. मग हे थांबतात आणि समोरच्या दुकानाची पाटी वाचायला लागतात. तीच पाटी दोनदा, तीनदा. अनोळखी माणसाला वाटतं, गृहस्थ चौकस दिसतात. मला माहीत असतं की श्वास जागेवर येईपर्यंत ती पाटी संपणार नाही.

परवान्याचा अर्ज काही भाग आपण आणि काही भाग डॉक्टरांनी भरायचा होता. नियम देशोदेशी वेगळे, पण विचारतात काय ते पाहिलं की परवाना कुणाचा ते कळतं. गाडी कुठली, केवढी, याच्याशी अर्जाला फारसं देणंघेणं नसतं. अमेरिकेत राज्यांसाठी १९९१ साली जी केंद्रीय नियमावली निघाली, तिचा पहिला निकष आहे: न थांबता २०० फूट चालता येत नाही. शिवाय काठी, कुबड्या किंवा दुसऱ्या माणसाच्या आधाराशिवाय चालता न येणारे, बरोबर ऑक्सिजन बाळगणारे, हृदयविकार ठरावीक पायरीच्या पुढे गेलेले, संधिवाताने किंवा मज्जातंतूंच्या आजाराने चालणं फार मर्यादित झालेले. फुफ्फुसांसाठी तर चक्क माप दिलंय: जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा एक लिटरहून कमी. इंग्लंडच्या ब्लू बॅजमध्येही (तिथला अपंगांच्या पार्किंगचा परवाना) ५० मीटर चालता येतं का, हा एक मोठा निकष आहे. सगळीकडे मोजली जाते ती माणसाची चाल आणि त्याचा दम.

अर्ज करणाऱ्यांना मी एकच सांगते. "चालायला त्रास होतो" असं लिहू नका, त्यातून समोरच्याला काहीच कळत नाही. किती अंतरावर थांबावं लागतं, थांबल्यावर किती वेळ लागतो, थांबलं नाही तर काय होतं, तोल जातो का, दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवतं का, ते लिहा. आणि शक्य असेल तर डॉक्टरकडे घरचं माणूस बरोबर न्या. आमच्या डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, "किती चालता?" हे म्हणाले, "चालतो की!" पुरुषांची ही जात एरवी बारीक तापानेही घर डोक्यावर घेते, पण डॉक्टरांच्या खुर्चीत बसली की ठणठणीत. मी मध्ये तोंड घातलं नसतं तर परवान्याऐवजी शाबासकी घेऊन आलो असतो. डॉक्टर हुशार होते. त्यांनी प्रश्न बदलला: "इथे येताना पार्किंगपासून दारापर्यंत किती वेळा थांबलात?" मग मात्र खरं उत्तर आलं.

परवाना माणसाचा आहे म्हटल्यावर त्याचे फायदेही आहेत, ते लोकांच्या लक्षात येत नाहीत. तो माणसाबरोबर फिरतो. लेकीच्या गाडीतून जायचं असो की मित्राच्या, ह्यांनी तो बरोबर घ्यायचा आणि तिथे लावायचा. स्वतःला गाडी चालवता येत नसली किंवा घरात गाडीच नसली, तरी परवाना घेता येतो. आरशाला अडकवायचा प्रकार असेल तर गाडी चालवताना काढून ठेवा, समोरचं बघायला आड येतो. इंग्लंडमध्ये तो डॅशबोर्डवर ठेवतात, फोटोची बाजू खाली करून. एरवी गाडी लावायला मनाई असलेल्या पिवळ्या रेघांवर तीन तासांपर्यंत गाडी लावायची मुभा तिथे असते, पण त्यासाठी पुठ्ठ्याच्या घड्याळात आल्याची वेळ लावून ठेवावी लागते. मुदतही बघत जा. ब्लू बॅज साधारण तीन वर्षांचा असतो आणि संपत आल्याचं पत्र आपल्याला येईलच अशा भरवशावर राहू नये.

आता ते "रिकामीच तर असते". दोन्ही राखीव जागा भरलेल्या म्हणून ह्यांना घेऊन न उतरता घरी परत येणं आम्ही अनुभवलंय. मला लांब लावावी लागली तर मी घामाघूम होईन, फार तर चिडेन. ह्यांना तो पर्यायच नाही. म्हणून माझा हिशेब असा: हे उतरणार असतील तर राखीव जागा. ह्यांना दाराशी सोडून मी एकटीच गाडी लावणार असेन तर साधी जागा. ह्यांना आणायला गेले असेन आणि हे दवाखान्यातून चालत गाडीपर्यंत येणार असतील तर पुन्हा राखीव. ह्यांची औषधं आणायला मी एकटी गेले तर? काम ह्यांचं असलं तरी पाय माझे आहेत. साधी जागा. हे गाडीतच बसून राहणार असतील तेव्हा नियम बऱ्याच ठिकाणी आड येत नाही, पण तेव्हाही मी ती जागा घेत नाही. हे माझं मत, कायदा नव्हे. दुसऱ्याच्या नावाचा परवाना स्वतःसाठी वापरणं मात्र सरळसरळ गुन्हा आहे. इंग्लंडमध्ये त्याला १,००० पौंडांपर्यंत दंड होतो.

आणि ते तिरके पट्टे! राखीव जागेच्या बाजूला रंगवलेली पट्टी ही उरलेली जागा असते असा समज कुठून आलाय देव जाणे. तिथे दुचाकी, ढकलगाड्या, "दोनच मिनिटं" वाल्या गाड्या, सगळं येऊन थांबतं. ह्यांचं उतरणं बघा. दार पूर्ण उघडायचं, अर्धवट चालत नाही. दोन्ही पाय बाहेर, हात दाराच्या वरच्या कडेवर, थोडं थांबणं, मग उभं राहणं. मग मी मागून ऑक्सिजनची चाकांची पिशवी आणून त्याच मोकळ्या पट्टीत उभी करते. चाकाची खुर्ची असेल तर ती दाराला लावून वळवायला लागते, मोठ्या गाडीतून खुर्चीसाठी उतरती फळी (रॅम्प) बाहेर येत असेल तर आणखी जागा हवी. म्हणून अमेरिकेत ही पट्टी किमान ५ फूट ठेवायला लावतात. भारतातल्या आदर्श बांधकाम उपविधींमध्ये (इमारतींसाठीच्या नमुना नियमांमध्ये) राखीव जागेची रुंदी किमान ३.६ मीटर आणि दारापासूनचं अंतर जास्तीत जास्त ३० मीटर असं दिलंय. लोकांना फक्त 'दाराजवळ' एवढंच दिसतं, पण कित्येकांना अंतराहून रुंदीची गरज जास्त असते. पट्ट्यावर कुणी गाडी लावून गेलं की बाहेरचा माणूस बाहेरच राहतो, स्वतःच्या गाडीत शिरता येत नाही.

बघणाऱ्यांच्या नजरेचंही लोक विचारतात. येते ती नजर. काही अंशी त्या चित्राचा दोष आहे. पाटीवर चाकाची खुर्ची दिसते, म्हणून लोक खुर्ची शोधतात. १९६८ मध्ये सुझान कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीने ते चिन्ह काढलं तेव्हा त्यात नुसती खुर्चीच होती. वरचं गोल डोकं नंतर जोडलं गेलं आणि खुर्चीत माणूस आला. पण दम, हृदय, सांधे, मेंदूचे आजार चित्रात कसे दाखवणार? इंग्लंडने २०१९ च्या ऑगस्टअखेर न दिसणाऱ्या अपंगत्वालाही ब्लू बॅजची वाट अधिक स्पष्टपणे मोकळी केली. आम्ही कुणाला स्पष्टीकरण देत बसत नाही. परवाना लावलाय, तो तपासायचा अधिकार असलेल्याने तपासावा. दुसऱ्याच्या गाडीतून कोण किती टुणटुणीत उतरलं हे मीही बघत नाही. त्याचे पुढचे दोनशे फूट मला कुठे माहीत असतात?

परवाना दुसऱ्याने मागितला तर काय करता, असंही विचारतात. भाच्याने मागितला होता. पाय मोडला, प्लास्टर घातलं. "मामी, मामा सध्या घरातच असतात, तर थोडे दिवस..." नाही म्हटलं. गाल फुगले. त्याला सांगितलं की बऱ्याच ठिकाणी मोडलेल्या पायासाठी तात्पुरता परवाना मिळतो. अमेरिकेत तो लाल असतो आणि एका वेळी सहा महिन्यांपर्यंतचा देतात. सगळीकडे अशी सोय नाही, पण त्याच्या इथे होती. डॉक्टरांनी अर्जावर सही केली आणि त्याला त्याच्या नावाचा परवाना मिळाला. प्लास्टर निघाल्यावर त्याने तो मुदतीआधीच परत केला. मला न सांगता केला, नणंदेकडून कळलं.