अटलांटिक सिटीत अडकलेले माझे दोनशे डॉलर

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील अटलांटिक सिटी हे कॅसिनोंचे शहर कमी पैशांत पाहता येते, हे मी आजही सांगेन. मात्र तिथल्या हॉटेलात डेबिट कार्ड पुढे करू नये, ही अट मी त्याला जोडेन. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये, भारतातून आलेल्या आईला घेऊन मी तिथे दोन रात्री राहिलो. त्या दोन रात्रींचा हिशोब मिटायला पुढे अकरा दिवस लागले.

रविवारी फिलाडेल्फियाच्या थर्टिएथ स्ट्रीट स्थानकावरून न्यू जर्सी ट्रान्झिटच्या गाडीने सुमारे दीड तासात पोहोचलो आणि स्थानकावरून चालतच हॉटेल गाठले. परतीची तिकिटे आधीच काढून ठेवली होती, हे माझे नशीबच म्हणायचे. शुक्रवार-शनिवारी महाग असणाऱ्या खोल्या रविवारपासून पुष्कळ उतरतात, त्यामुळे आमची खोली रात्रीला 52 डॉलरना मिळाली होती. निदान कागदावर तरी तसे लिहिले होते.

स्वागतकक्षात त्या रकमेवर आधी रात्रीला 35 डॉलर ‘रिसॉर्ट फी’, म्हणजे भाड्यावर हॉटेल लावते ते सक्तीचे शुल्क, चढली, मग कर चढले, आणि दोन रात्रींचे 104 डॉलर दोनशेच्या घरात गेले. ही फी आरक्षणाच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलेली होती, ती मी नीट वाचली नव्हती. तो दोष माझा. (12 मे 2025 पासून अमेरिकेत अशा सक्तीच्या शुल्कासहित एकूण भाडे आधीच दाखवणे बंधनकारक झाले आहे, म्हणजे मी सात महिने लवकर गेलो.) परंतु त्यानंतर काउंटरवरील बाईंनी अत्यंत गोड आवाजात सांगितले की, अनामत म्हणून रात्रीला शंभर याप्रमाणे आणखी दोनशे डॉलर कार्डावर रोखून ठेवले जातील. हे शुल्क नव्हे, फक्त ‘होल्ड’ आहे, असे त्यांनी तीनदा समजावले. क्रेडिट कार्डावर असा होल्ड लागला तर केवळ उधारीची मर्यादा तेवढी कमी होते. डेबिट कार्डावर मात्र आपल्याच खात्यातले पैसे आपल्यालाच वापरता येत नाहीत. माझ्या खात्यात 430 डॉलर होते. मी अनामत रोख देऊ का, असे विचारले, तर रोख अनामत घेत नाहीत असे उत्तर मिळाले. रक्कम कमी करा म्हटले, तर संगणक तसे करू देत नाही असे कळले. मागे रांग वाढत होती, बाजूला स्लॉट यंत्रांचा किणकिणाट चालू होता आणि बॅगेवर बसलेली आई विचारत होती, “परत देणार आहेत, तर घेतात कशाला?” मी कार्ड दिले. खोलीचे दोनशे आणि होल्डचे दोनशे वजा जाऊन खात्यात तीस डॉलर उरले.

मंगळवारी खोली सोडताना ‘होल्ड सोडला’ असे सांगण्यात आले. आठवडा उलटला तरी पैसे दिसेनात. हॉटेल म्हणे, आम्ही सोडले, बँकेला विचारा. बँक म्हणे, आमच्याकडे काही आलेले नाही, हॉटेलला विचारा. सहाव्या फोनवर बँकेतील एका गृहस्थाने सांगितले की, हॉटेलकडून त्या होल्डचा मंजुरी क्रमांक लेखी घेऊन तो बँकेला कळवावा. हा क्रमांक खोली सोडतानाच मागून घ्यावा, आणि अंतिम बिल दुसऱ्या कार्डाने भरू नये, कारण मग पहिल्या कार्डावरचा होल्ड तसाच लोंबकळत राहू शकतो.

तीस डॉलरमध्ये आम्ही काय केले, तेही सांगायला हवे, कारण सहल वाईट झाली नाही. 1870 साली बांधायला घेतलेल्या लाकडी बोर्डवॉकवर हिंडायला पैसे लागत नाहीत. समुद्रकिनाराही मोफत आहे; शेजारच्या व्हेंटनर आणि मार्गेट या गावांत मात्र उन्हाळ्यात किनाऱ्यासाठी पास काढावा लागतो. मोनोपॉली या खेळाच्या अमेरिकी पटावरील रस्त्यांची नावे याच शहरातली आहेत, आणि लहानपणी आमच्याबरोबर त्याच धर्तीचा ‘व्यापार’ खेळताना हटकून जिंकणारी आई बाल्टिक अॅव्हेन्यूची पाटी पाहून फारच खूश झाली. अॅब्सेकन दीपगृहाच्या 228 पायऱ्या मी एकटा चढलो. जिटनी नावाच्या छोट्या बसगाड्यांसाठी सुटे डॉलर खिशात ठेवावेत, हे आधीच सांगायचे राहिले. कॅसिनोत प्रवेशाला तिकीट नसते, वय मात्र 21 पूर्ण हवे. आम्ही आत फक्त स्वच्छतागृह वापरले.

अकराव्या दिवशी सकाळी ते दोनशे डॉलर खात्यात दिसले. ते कोणाच्या फोनमुळे सुटले, हे हॉटेलनेही सांगितले नाही आणि बँकेनेही नाही.