ट्रायलोबाइटची कात

ट्रायलोबाइट या नामशेष समुद्री प्राण्यांचे जीवाश्म शोधायला शेल, म्हणजे थराथरांचा गाळाचा खडक, फोडायचा म्हणजे जोर लावायचा, अशा समजुतीने मी सुरुवात केली आणि पहिल्याच तासात तीन-चार चांगल्या शिळांचा चुरा झाला. जागा होती अमेरिकेतल्या यूटामधली हाऊस रेंज. तिथला व्हीलर शेल म्हणजे सुमारे 50 कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी बसलेला गाळ. तो थराथराने उलगडतो, ठेचून हाती काही लागत नाही. शिळा उभी धरायची, रुंद पात्याची छिन्नी थराच्या रेषेवर टेकवायची आणि हलके ठोके देत कडेकडेने फिरायचं. आवाज बद्द झाला की आत फट पडली समजायचं. डोळ्यांवर गॉगल हवाच, कपच्या कुठेही उडतात.

पहिल्या दिवशी मी फक्त अख्खे नमुने ठेवले आणि तुकडे टाकून दिले. त्याची हळहळ अजून वाटते. ट्रायलोबाइट खेकड्यासारखे कात टाकत. तेव्हा डोक्यावरच्या शिवणी उसवून दोन्ही गाल सुटे होत, म्हणून एकाच प्राण्याचे कितीतरी तुकडे दगडात सापडतात. आणि ओळख पटवताना सगळ्यात जास्त उपयोग होतो तो डोक्याच्या मधल्या भागाचा: त्याचा फुगवटा, त्यावरच्या खाचा, डोळ्यांची जागा. नेमके तेच तुकडे मी टाकले होते.

घरी भिंग घेऊन बसले तेव्हा भर उजेडात सगळं करड्यावर करडं दिसत होतं. दिवा आडवा, अगदी शिळेच्या पातळीला ठेवला आणि धडाचे खंड सावल्यांनी उठून आले. मोजले, 13. शेपूट लहान. एल्राथिया किंगी, ट्रायलोबाइटची एक जात! या शेलमध्ये तिच्या पोटाच्या बाजूला कॅल्साइट या खनिजाचा जाड थर साचलेला असतो, त्यामुळे ती कधीकधी बटणासारखी दगडातून सुटून येते.

दुसऱ्या एका नमुन्याने मात्र दोन दिवस घेतले. मी त्याला मोठी एल्राथियाच म्हणत होते, पण शेपूट पटत नव्हतं. गुळगुळीत, रुंद काठाचं, जवळजवळ डोक्याएवढं. तो असाफिस्कस व्हीलेरी या दुसऱ्या जातीचा निघाला. तेव्हापासून मी आधी शेपूट बघते, मग खंड मोजते. काही मिलिमीटरच्या अॅग्नोस्टिड गटातल्या प्राण्यांना तर धडाचे दोनच खंड असतात, डोळे नसतात आणि डोकं-शेपूट इतकं सारखं असतं की उलटसुलट धरलं तरी पटकन कळत नाही.

शिळा उघडली की एका बाजूला प्राणी आणि दुसऱ्या बाजूला त्याचा ठसा येतो. आता मी दोन्हींवर एकच क्रमांक टाकते, कारण कवचाचा पापुद्रा कुठल्या बाजूला चिकटून जाईल याचा नेम नसतो. सोबत चिठ्ठी: ठिकाण, थर, तारीख. परवा तपासलेल्या एका एल्राथियाचं धड आणि शेपूट शाबूत होतं, पण दोन्ही गाल नव्हते. तिच्या चिठ्ठीवर मी खाली आणखी एक शब्द लिहिला: कात.