ब्रेक ऑइल सांडलं? आधी पाणी, मग फडकं

गाडीत जेवढी द्रवं असतात, त्यात रंगाचा सगळ्यात मोठा शत्रू ब्रेक ऑइल. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ या ब्रेक ऑइलच्या तिन्ही प्रकारांत ग्लायकॉल इथर असतं आणि ते रंग मऊ करतं. थेंब क्लियर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, मुरतो, थर फुगतो, सुरकुततो आणि शेवटी प्रायमरपासून (रंगाखालच्या पहिल्या थरापासून) सालीसारखा सुटून येतो. कारखान्यात भट्टीत पक्का केलेला रंग थोडा वेळ तग धरतो. पण नुकताच मारलेला किंवा स्प्रे-कॅनचा रंग असेल, किंवा पत्रा उन्हाने तापलेला असेल, तर काही मिनिटंही पुरतात. वॅक्सच्या भरवशावर तर अजिबात राहू नका.

सांडलं की हात आपोआप फडक्याकडे जातो. नेमकं तेच करायचं नाही. पुसल्याने ते जास्त जागेवर पसरतं आणि मऊ झालेल्या रंगात घासलं जातं. ब्रेक ऑइल पाण्यात पूर्ण मिसळतं, म्हणून भरपूर पाणी हाच खरा उपाय. आधी ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण घट्ट लावा, कारण आत पाणी गेलं तर ब्रेकच बिघडतील. मग साध्या पाइपने, जोराचा फवारा न मारता, दोन-तीन मिनिटं पाणी सोडा. पाणी पत्र्यावरून थेट खाली ओघळलं पाहिजे; बॉनेटची कड आणि फेंडरची फट विसरू नका. नंतर कार शाम्पू, पुन्हा पाणी, आणि सगळ्यात शेवटी मऊ फडकं. पाइप जवळ नसेल तर ओलं कापड नुसतं दाबून टिपा, घासू नका.

ब्रेक ऑइल बहुतेकदा भरताना सांडतं असं वाटतं, पण ब्रेक पॅड बदलतानाही ते हमखास बाहेर येतं. पॅड झिजतात तशी टाकीतली पातळी खाली जाते. मधल्या काळात कुणी ती 'मॅक्स'पर्यंत भरून ठेवली असेल, तर नवे पॅड बसवायला कॅलिपरचा (पॅड दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन मागे ढकलताच ऑइल टाकीतून उतू जातं. म्हणून पिस्टन ढकलण्याआधी स्वच्छ सिरिंजने थोडं काढून घ्या. ब्लीड करताना, म्हणजे ब्रेकमधली हवा काढताना, निपलवरची (ऑइल बाहेर सोडणाऱ्या तोटीवरची) नळी सुटली तर अलॉय व्हीलच्या रंगावर उडतं. आणि ऑइल लागलेल्या हातमोज्यांनी बॉनेट बंद केलं, तर बोटांचे ठसे रंगात कायमचे उमटू शकतात. हायड्रॉलिक क्लचमध्येही बहुधा हेच ऑइल असतं.

सिलिकॉनचं डॉट ५ रंग खात नाही. पण ते डॉट ३ किंवा ४ च्या जागी घालायचं नाही, त्यांच्यात मिसळायचंही नाही. शिवाय ते पत्र्यावर राहिलं तर नवीन रंग मारताना बारीक खड्डे पडतात.

बॅटरीचं ॲसिड वेगळ्या तऱ्हेने घात करतं. ते सल्फ्युरिक ॲसिड असल्याने रंगावर थांबत नाही, खालचा पत्राही खातं. चष्मा आणि हातमोजे घाला, एक लिटर पाण्यात साधारण १०० ग्रॅम खाण्याचा सोडा घालून ओता, फेस यायचा थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा ओता, मग भरपूर पाण्याने धुवा. सोडा बॅटरीच्या सेलमध्ये जाऊ देऊ नका.

पेट्रोल टाकीच्या झाकणाखाली वारंवार ओघळलं तर तिथे पिवळट डाग बसतो, तेव्हा लगेच धुतलेलं बरं. कूलंट आणि इंजिन ऑइल त्या मानाने सौम्य. मात्र कूलंट गरम पत्र्यावर वाळलं की डाग धरतं, आणि त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असल्याने जमिनीवरचं डबकंही धुऊन टाका. डिझेल गाड्यांतलं युरियाचं द्रावण वाळलं की पांढरे स्फटिक उरतात. ते कोरडे खरवडू नका, कोमट पाण्याने विरघळवा.

डाग राहिलाच, तर तो फक्त निस्तेज आहे की सुरकुतलाय ते पाहा. धुऊन एक दिवस वाळू द्या, मऊ झालेला क्लियर कोट तेवढ्यात पुन्हा घट्ट होऊ शकतो. निस्तेज असेल तर हलक्या पॉलिशने चमक परत येते. सुरकुतला असेल तर पॉलिशने काही होत नाही: सुटलेला थर पक्क्या कडेपर्यंत घासून काढावा लागतो आणि प्रायमरपासून सुरुवात करावी लागते. पत्रा उघडा पडला असेल तर गंज धरण्याआधी हे काम उरका.