देवास: एका गावात दोन राज्यं

इंदूरबद्दल लिहीत नाही. सराफ्यातली रात्रीची गर्दी मला सोसत नाही, आणि पोहे-जिलबीवर सगळ्यांनी लिहून झालंय. मांडूही रणरणत्या उन्हात उरकलं. मनात राहिलं ते देवास.

टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा, दोघींचं दर्शन घेऊन खाली उतरलो. बाजारात एका वयस्कर दुकानदारांनी माझं मराठी ऐकलं, लगेच स्टूल पुढे केलं, चहा मागवला. त्यांच्या घरात अजून मराठीच बोलतात, हेल मात्र माळवी. "ही बाजू थोरल्या पातीची, ती धाकट्या पातीची," काका हात करून दाखवत म्हणाले. तुकोजी आणि जिवाजी पवार हे मराठा सरदार, एकमेकांचे भाऊ. त्यांच्यामुळे एकाच गावात दोन गाद्या, दोन राजवाडे, दोन दरबार, ते थेट १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत!

पण पवार मुळात इतक्या लांब आले कशाला? "पराक्रम गाजवायला" हे ठरलेलं उत्तर ऐकलं की मला राग येतो. पराक्रम होताच, पण त्याला उत्तरेची वाट दाखवली ती राज्याच्या घडीने. शिवाजी महाराजांचा कल रोख पगाराकडे होता. जहागिरी देणं ते टाळत. पुढे औरंगजेब वतनांची लालूच दाखवून सरदार फोडू लागला, तेव्हा राजाराम महाराजांनाही वतनं आणि सरंजाम, म्हणजे फौजेच्या खर्चासाठी तोडून दिलेला मुलूख, द्यावे लागले. १७१९ मध्ये पेशवे बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या, म्हणजे मोगल प्रांतांच्या, चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले: महसुलाचा चौथा हिस्सा ही चौथाई, वर आणखी दहावा ही सरदेशमुखी. चौथाईचा मोठा वाटा, म्हणजे मोकासा, सरदारांकडे गेला. त्यातूनच त्यांनी फौज पोसायची. लढाईने उजाड झालेल्या मुलखात वसुली ती किती होणार? घोडी आणि माणसं तर रोज खातात. खुद्द बाजीराव कर्जात बुडालेले होते.

देवास ज्यात येतं तो माळवा त्या सहा सुभ्यांत नव्हताच. तरी १७२८ मध्ये चिमाजी अप्पांनी अमझेऱ्याला मोगल सुभेदाराला हरवलं आणि थोड्याच वर्षांत शिंदे, होळकर, पवार यांच्यात माळव्याची वाटणी झाली. नवा मुलूख म्हणजे नवी फौज, तिच्या खर्चाला आणखी पुढचा मुलूख. पुण्यातून कुणी "आता पुरे" म्हटलं असतं, तरी थांबणं सरदाराला परवडणार नव्हतं.

हे सगळं मी काकांना आवेशाने सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "अहो, पण ज्यांच्याकडून वसुली झाली ते शेतकरी आमच्या इथलेच ना?"

मी त्यावर काहीच बोललो नाही. चहाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.